आवाज येतो, चित्र नाही: टीव्ही भंगारात देण्याआधी

मागच्या पावसाळ्यात वैरागकडच्या एक मावशी टेम्पोतून ३२ इंची टीव्ही घेऊन दुकानात आल्या. टीव्ही गोधडीत गुंडाळलेला. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारा पडदाच, गेलंय, खर्च करू नका, नवाच घ्या. "आवाज तर येतोय गं," त्या परत परत म्हणत होत्या. मी टीव्ही लावला, दुकानातले दिवे मालवले आणि मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरून त्यांना जवळ बोलावलं. काळ्या पडद्याच्या आत, विहिरीच्या तळाशी काही हलावं तसा बातम्या देणाऱ्या बाईचा चेहरा हलत होता. मावशी म्हणाल्या, "अगं, ही तर आतच हाय!"

ती आतच होती. तिच्यामागचा दिवा गेला होता.

मी बार्शीत टीव्ही दुरुस्त करते. दुकान अण्णांनी, माझ्या वडिलांनी काढलं, डबा टीव्हीच्या काळात. चांगलं पॅनल असलेले टीव्ही भंगारवाल्याकडे जाताना बघितले की मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून घरच्या घरी, टीव्ही न उघडता, बिघाड कुठे आहे हे कसं ओळखायचं ते इथे सांगते. त्यासाठी पडदा काम कसा करतो हे थोडं समजून घ्यावं लागेल. पण ते अवघड नाही, आणि हातात मोबाइल असेल तर अर्धं तुमच्या डोळ्यांनाच दिसेल.

आधी एक थेंब पाणी

मोबाइलवर एखादं कोरं पांढरं पान उघडा. बोट ओलं करून त्यावर मोहरीएवढा थेंब ठेवा (हे मोबाइलवरच करा, टीव्हीवर नको; का ते पुढे येईल). थेंब भिंगाचं काम करतो. आत लाल, हिरवे आणि निळे बारीक ठिपके दिसतील. पांढरा रंग कुठेच नाही. आता एखादं पिवळं चित्र उघडा. लाल आणि हिरवा उजळ आहेत, निळा विझलेला. पिवळा रंग तुमच्या डोळ्यातच तयार होतो.

साध्या ३२ इंची एचडी रेडी टीव्हीत आडवे १३६६ आणि उभे ७६८, म्हणजे १०,४९,०८८ ठिपके असतात. प्रत्येकाचे लाल, हिरवा, निळा असे तीन भाग धरले तर एकतीस लाखांवर. फुल एचडीत हाच आकडा ६२,२०,८०० होतो.

आता मुद्द्याची गोष्ट. आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो, त्यातले हे लाखो ठिपके स्वतः उजेड देत नाहीत. ती लाखो बारीक दारं आहेत. उजेड मागून येतो आणि दार किती उघडायचं ते पॅनल ठरवतं. दारापुढे लाल, हिरवी किंवा निळी रंगीत काच. पॅनल जुनंच, एलसीडी, म्हणजे द्रव स्फटिकाचं. पाठीमागे उजेडासाठीच्या बारीक ट्यूबलाइटच्या जागी एलईडीचे दिवे आले म्हणून नाव एलईडी टीव्ही पडलं. खात्री करायची असेल तर रात्री खोली अंधारी करून टीव्हीवर पूर्ण काळं चित्र लावा. पडदा राखाडी दिसेल, कारण दारं बंद असली तरी फटीतून थोडा उजेड झिरपतोच.

दार उघडतं कसं? खिडकीचे उभे गज डोळ्यासमोर आणा. त्यांच्यामधून उभी धरलेली पट्टी जाते, आडवी अडकते. उजेडाच्या लहरींनाही अशी दिशा असते आणि पोलरायझर नावाची पातळ फिल्म गजांसारखी वागते. पॅनलच्या मागे अशी एक फिल्म आणि पुढे दुसरी, पण ही दुसरी ९० अंशांत फिरवलेली. म्हणजे मागच्या गजांतून आलेला उजेड पुढच्या गजांना अडणार. या दोघींच्या मधे द्रव स्फटिकाचा केसाहून बारीक थर असतो. त्याचे लांबट रेणू जिन्यासारखे वळत वळत रचलेले असतात आणि उजेडाची दिशा आपल्यासोबत वळवून त्याला पुढच्या गजांतून बाहेर काढतात. व्होल्टेज दिलं की रेणू उभे राहतात, जिना मोडतो, उजेड अडतो. व्होल्टेज कमीजास्त करा, उजेड कमीजास्त होतो. घड्याळ आणि कॅल्क्युलेटरचा पडदा अगदी असाच चालतो. टीव्हीच्या पॅनलमध्ये रेणूंची मांडणी बऱ्याचदा वेगळी असते, पण तत्त्व हेच. कुणाकडे पोलराइज्ड गॉगल असेल तर तो घालून टीव्ही बघा आणि मान हळूहळू तिरकी करा; बऱ्याच पडद्यांवर एका कोनात चित्र काळवंडतं. ती गजांचीच करामत.

हे द्रव स्फटिक १८८८ मध्ये फ्रीडरिश रायनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती लागले. त्याला दिसलं की एक पदार्थ दोनदा वितळतो, आधी १४५ अंशांच्या आसपास गढूळ होतो आणि १७८ च्या पुढे स्वच्छ. गढूळ असताना तो पाण्यासारखा वाहतो आणि तरीही स्फटिकासारखा शिस्तीत राहतो. तेव्हा त्याचा उपयोग कुणालाच सुचला नव्हता. मला ही गोष्ट फार आवडते.

प्रत्येक दाराला स्वतःचा एक बारीक ट्रान्झिस्टर असतो, काचेवरच छापलेला. एकेक आडवी रांग उघडते, उभ्या तारांतून त्या रांगेची व्होल्टेजं आत जातात, रांग बंद, पुढची रांग उघडते. सेकंदाला साधारण ६० वेळा संपूर्ण पडदा असा भरला जातो. या आडव्या आणि उभ्या तारा लक्षात ठेवा, रेषा ओळखताना लागतील.

मागचा दिवा म्हणजे दिवाळीची माळ

पॅनलच्या मागे पांढऱ्या कागदासारख्या शीटवर दोन-तीन आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात. प्रत्येकीवर काही एलईडी आणि प्रत्येक एलईडीवर बटणाएवढं प्लास्टिकचं भिंग. हे एलईडी मुळात निळे असतात. वर लावलेल्या पिवळ्या फॉस्फरमुळे, म्हणजे उजेडाचा रंग बदलणाऱ्या लेपामुळे, उजेड पांढरा दिसतो. निळा एलईडी बनवायलाच जगाला इतकी वर्षं लागली, की त्यासाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना मिळालं.

सगळे एलईडी एकापुढे एक, सिरीजमध्ये जोडलेले असतात. जुनी दिवाळीची माळ आठवा. एक बल्ब गेला की अख्खी माळ बंद. इथेही तसंच. एक एलईडी जळाला की त्या साखळीतले सगळे विझतात, आणि लहान टीव्हीत बहुतेक वेळा साखळी एकच असते. चित्र चालू, आवाज चालू, पडदा काळा. माझ्याकडे येणाऱ्या काळ्या पडद्यांमागे बऱ्याचदा हेच निघतं.

आता तपासा

पहिलं काम, सेटटॉप बॉक्सला दोष नाही ना ते बघा. टीव्हीच्या रिमोटवरचं मेनूचं बटण दाबा. मेनू स्वच्छ दिसला आणि फक्त चॅनल दिसत नसेल, तर पडदा चांगला आहे. बॉक्स, वायर नाहीतर रिचार्ज तपासा. मेनूलाही मुंग्या किंवा रेषा असतील तर दोष टीव्हीत.

मेनूही दिसत नसेल तर आवाज वाढवून-कमी करून बघा. आवाज बदलतोय म्हणजे मेन बोर्ड (टीव्हीचा मेंदू) आणि सप्लाय (आत वीज पुरवणारा भाग) बऱ्यापैकी जिवंत आहेत. टीव्ही बंद करून पुन्हा लावा आणि पडद्याकडे टक लावून बघा. क्षणभर उजळून लगेच काळा झाला, तर ते पट्टी गेल्याचं मोठं लक्षण: सप्लाय दिवे पेटवायचा प्रयत्न करतो, साखळी तुटलेली किंवा तुटायच्या बेतात असल्याचं त्याला कळतं आणि तो उजेडाचा पुरवठा बंद करतो.

मग टॉर्च. खिडक्या बंद करा, दिवे मालवा. आधी मेनू उघडून ठेवलेला बरा, कारण मोठी ठळक अक्षरं शोधायला सोपी जातात. मोबाइलचा टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ, बोटभर अंतरावर तिरका धरा आणि हळूहळू सगळीकडे फिरवा. टॉर्चच्या झळाळीत बघू नका, तिच्या कडेला बघा. टॉर्चचा उजेड उघड्या दारांतून आत जातो, मागच्या पांढऱ्या शीटवर आपटून परत येतो आणि पुसट चित्र दिसतं. घाई केली तर हुकतं. दोन मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. चित्र दिसलं की समजा, पॅनल शाबूत आहे. दुरुस्ती करा.

टॉर्चमध्ये काहीच दिसलं नाही तर टीव्हीच्या मागे जाऊन हवेच्या जाळीतून आत बघा. आत उजेड दिसतोय आणि पुढे चित्र नाही, म्हणजे दिवा ठीक आणि दारांना हुकूम पोचत नाहीये. तो हुकूम देणारा टीकॉन बोर्ड, त्याची चपटी केबल किंवा पॅनल स्वतः, यांतलं काहीतरी. यात टीकॉन आणि केबल स्वस्तात सुटतात, म्हणून दुरुस्ती करणाऱ्याला आधी ती बदलून बघायला सांगा.

पडद्यावरच्या खुणा

पडद्यावर पांढरे गोल ठिपके, टॉर्चच्या झोतासारखे उजळ? एलईडीवरचं भिंग निखळून पडलंय. भिंग उजेड पसरवतं; ते नसलं की सगळा उजेड एका जागी. लोक याला पॅनलचा डाग समजतात आणि घाबरतात. चिकटवण्याचं काम आहे.

चित्र निळसर-जांभळं पडलं, माणसांचे चेहरे आजारी दिसायला लागले, तर एलईडीवरचा पिवळा फॉस्फर जळत आलाय आणि आतला निळा डोकावतोय. रंगांच्या सेटिंगने ते लपतं, बरं होत नाही. पट्ट्या बदलाव्या लागतात.

वरपासून खालपर्यंत सरळ उभी रेष, एकाच रंगाची किंवा काळी? एका उभ्या तारेपर्यंत हुकूम जात नाही. काचेच्या कडेला चॉकलेटी रंगाच्या लवचीक पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्यांच्यावर चालक चिप असते. आम्ही त्याला सीओएफ म्हणतो. तो जोड सुटला की एक रेष, पूर्ण चिप गेली की पडद्याचा उभा पट्टाच जातो. आडवी रेष असेल तर रांगेच्या बाजूचा दोष. हे जोड उष्णता आणि दाब देऊन पुन्हा चिकटवायचं यंत्र मोठ्या शहरांत असतं, आमच्याकडे नाही. एखादी बारीक रेष असेल आणि चित्र बाकी चांगलं असेल तर मी लोकांना सांगते, आहे तसा वापरा. बोटाने दाबून, चिमटा लावून किंवा मागे पुठ्ठा खोचून रेष घालवणारे आहेत. ती चार दिवसांनी परत येते, कधी सोबत आणखी दोन घेऊन.

कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा, शाई सांडल्यासारखा काळा डाग म्हणजे काच आतून फुटली. मुलाने रिमोट फेकला की हेच होतं. याला इलाज पॅनल बदलणं, आणि नव्या पॅनलची किंमत नव्या टीव्हीच्या जवळ जाते. अशा वेळी मी स्पष्ट सांगते की पैसे घालू नका.

पट्ट्या बदलायला देताना

हे काम घरी करू नका. टीव्हीचा प्लग काढला तरी सप्लायमधल्या मोठ्या, वीज साठवणाऱ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट काही वेळ टिकून राहतात. आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या घरगुती विजेचा दाब वरखाली होत असतो, त्याचं सगळ्यात वरचं टोक तिथे साठतं. अण्णा पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर काम करायचे, जिच्यावर २० हजार व्होल्टच्या वर दाब असायचा. चालू टीव्हीत हात घालताना ते दुसरा हात कायम खिशात ठेवायचे, म्हणजे झटका बसलाच तर एका हातातून दुसऱ्या हातात, छातीतून जायला नको. मी आजही तसंच करते. दुसरी भीती काचेची. पट्ट्यांपर्यंत पोचायला पॅनलची उघडी काच उचलून बाजूला ठेवावी लागते, ती जाडीला पोस्टकार्डांच्या गठ्ठ्याएवढीही नसते, आणि कडेच्या सीओएफला नखाचा धक्का लागला तरी रेष कायमची.

पण दुकानात चार गोष्टी विचारा. तो हक्क तुमचा आहे. एकच जळालेला एलईडी बदलणार की सगळ्या पट्ट्या? सगळ्या एकाच वेळी बदलून घ्या. एक गेला म्हणजे बाकीचेही तेवढेच तास आणि तेवढीच उष्णता सोसून बसलेत. दोन महिन्यांत दुसरा जाईल आणि काच पुन्हा उचलावी लागेल, आणि प्रत्येक वेळी काच उचलण्यात धोका आहे. नव्या पट्ट्या त्याच व्होल्टच्या आणि तेवढ्याच एलईडीच्या आहेत का? ३ व्होल्टच्या जागी ६ व्होल्टचे एलईडी लावले तर सप्लायशी मेळ बसत नाही. तिसरं, दिव्यांचा करंट थोडा कमी करून देणार का? कारखान्यातून बरेच टीव्ही दुकानात झगमगून दिसावेत म्हणून गरजेपेक्षा जास्त करंटवर येतात. थोडा कमी केला तर डोळ्यांना फरक जाणवत नाही आणि पट्ट्या थंड राहतात. आणि जुन्या पट्ट्या मागून घ्या. जळालेला एलईडी मधोमध काळा पडलेला असतो, तुमच्याच डोळ्यांनी बघा.

पट्ट्या टिकवायच्या असतील तर

मेनूत ब्राइटनेस आणि बॅकलाइट ही दोन वेगळी कलमं असतात. ब्राइटनेस बहुतेक टीव्हीत दारांची हालचाल बदलतो, काळा किती काळा दिसेल ते. दिवा तेवढाच जळत राहतो. बॅकलाइट दिव्याचा जोर बदलतो. तो १०० वर असेल तर ५० ते ६० वर आणा. पहिला दिवस मंद वाटेल, दुसऱ्या दिवशी सवय होते. 'डायनॅमिक' किंवा 'व्हिव्हिड' मोड असेल तर 'स्टँडर्ड' करा. टीव्ही भिंतीला चिकटवून वर फळी ठोकू नका, मागे हवा खेळू द्या.

वळवाचा पाऊस यायच्या आधी, ढग गडगडायला लागले की प्लगसोबत डिशची किंवा केबलची वायरही काढा. प्लग काढून ठेवला आणि वायर तशीच राहिली, तर वीज त्या वाटेने येऊन मेन बोर्ड जाळते. दरवर्षी मे-जूनमध्ये असे टीव्ही येतात.

दिवाळीची साफसफाई

यावर मला जास्त बोलायचंय, कारण हे नुकसान पूर्ण टाळता येतं. नवरात्र ते दिवाळी या दिवसांत माझ्याकडे रेषा आलेले टीव्ही वाढतात. घर झाडून झालं की कुणीतरी काच पुसायचा फवारा थेट पडद्यावर मारतं किंवा ओल्या फडक्याने टीव्ही पुसतं. पाणी पडद्यावरून ओघळतं आणि खालच्या पट्टीच्या फटीतून आत जातं. बऱ्याच टीव्हींत सीओएफ नेमके तिथेच असतात. पाणी मुरतं, बारीक तारांवर गंज धरतो, दोन-चार दिवसांत रेषा. आणि तेव्हा पुसण्याची आठवणही राहिलेली नसते.

पुसायचं असं. टीव्ही बंद करून थंड होऊ द्या. काळ्या पडद्यावर धूळही नीट दिसते. चष्मा पुसायचं मऊ कोरडं फडकं घ्या आणि वरून खाली हलकेच फिरवा. बोटांचे डाग निघत नसतील तर फडक्याचं एक टोक पाण्याने दमट करा, पिळून, थेंब पडणार नाही इतकं, आणि तेवढाच डाग पुसा. पडद्यावर काहीही थेट फवारू नका. वर्तमानपत्राच्या कागदाने घासू नका, आरशाला चालतं ते इथे चालत नाही: वरचा पृष्ठभाग बहुतेक वेळा काच नसून तीच पोलरायझरची मऊ फिल्म असते आणि तिच्यावरचा ओरखडा कायमचा राहतो.

ज्यांच्याकडे ओएलईडी टीव्ही किंवा तसा मोबाइल आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात: तिथे मागचा दिवा नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि काळं म्हणजे खरोखर विझलेलं. टॉर्चची परीक्षा तिथे लागू नाही. तिथे जपायचं ते वेगळं: एकच चित्र, चॅनलचं बोधचिन्ह किंवा खालची बातम्यांची पट्टी तासन्‌तास एका जागी राहिली तर तेवढे ठिपके जास्त झिजतात आणि त्याची सावली उरते.

दुकानात आणताना

टीव्ही आडवा झोपवून आणू नका. गाडीत खड्ड्यांचे हादरे बसून काच मधून वाकते. उभा धरा, पडद्याच्या बाजूने काहीही टेकू देऊ नका, आणि दोन माणसांनी दोन बाजूंच्या कडा धरून उचला, पडद्यावर पंजा ठेवून नाही. मावशींची गोधडी उत्तम, फक्त दोरी पडद्यावरून आवळू नका. सोबत रिमोट आणा, कारण कित्येक टीव्हींना आता अंगावर बटणंच नसतात. आणि टॉर्चमध्ये काय दिसलं ते दुकानात गेल्या गेल्या सांगा.